दोघी जावा, दोन सायकली आणि चार खाड्या

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्या ४६ वर्षांच्या आहेत आणि पतसंस्थेत नोकरी करतात. शाळेनंतर सुटलेली सायकल त्यांनी दोन वर्षांपूर्वी पुन्हा धरली. आता २१ गिअरच्या सायकलवर दर रविवारी २५ किलोमीटर होतात. त्या लिहितात, "मला आणि माझ्या धाकट्या जावेला (वय ३८, तिच्याकडे बिनगिअरची लेडीज सायकल आहे) अलिबागपासून गोव्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेनं सायकलनं जायचंय. मागच्यापुढच्या सुट्ट्या धरून नऊ दिवस मिळतात. किनारा सपाट असल्यामुळे जमेल असं वाटतं. मिस्टर म्हणतात, जायचं तर जा, पण मी मागून गाडी घेऊन येणार. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच आहे, पाळी आली तर काय करणार? आम्ही वेडेपणा तर करत नाही ना?"

ताई, वेडेपणा अजिबात नाही. दोघींनी जरूर जा. फक्त तुमच्या पत्रातला एक शब्द आधी खोडून टाका, तो म्हणजे 'सपाट'. कोकणचा किनारा नकाशावर सपाट दिसतो, सायकलवर मात्र तो तसा नाही. तिथली गावं खाडीच्या काठाला, समुद्रपातळीवर वसलेली, आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उंच उघडा माळ. गाव सुटलं की शंभर-दीडशे मीटर चढा, सड्यावरून चार-पाच किलोमीटर जा, पुन्हा पुढच्या खाडीत उतरा. दिवसातून चार-पाच वेळा हेच. पन्नास किलोमीटरच्या दिवसात एकूण चढ पाचशे ते सातशे मीटर सहज भरतो. चढ लांब नसतात, पण उभे असतात. घाटरस्त्यासारखी वळणं घेत हळूहळू वर जाणं इथे कमीच.

म्हणून नऊ दिवसांत गोवा नको. जायचा एक आणि परतीचा एक दिवस वजा केला तर सायकलचे सात दिवस उरतात. तेवढ्यात गोवा गाठायचं तर रोज ऐंशी किलोमीटर पडतील. तेही एखाद्या दिवशी जमेल, पण तिसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतील आणि पाचव्या दिवशी तुम्ही फक्त रस्त्याचा पांढरा पट्टा बघत असाल. यंदा अलिबाग ते रत्नागिरी करा. साधारण सव्वातीनशे किलोमीटर आणि बोटीनं ओलांडायच्या चार खाड्या होतात. रत्नागिरी ते गोव्याच्या हद्दीवरचं तेरेखोल हा उरलेला अर्धा भाग पुढच्या वर्षी. तो तितकाच देखणा आहे आणि कुठे जात नाही.

आता जाऊबाईंची सायकल. बिनगिअरच्या सायकलला पुढे साधारण ४४ दात्यांचं चाक आणि मागे १८ दात्यांचं. पायडल एकदा पूर्ण फिरलं की सायकल पाच मीटरच्या थोडं पुढे जाते. उभ्या चढावर आपला वेग ताशी सहा किलोमीटर. म्हणजे मिनिटाला जेमतेम वीस वेळा पायडल फिरवायचं, आणि प्रत्येक वेळी अख्ख्या अंगाचं वजन त्यावर टाकायचं. गुडघे जातात ते यामुळे. त्याउलट पुढे २८ आणि मागे ३४ दाते असतील तर एका फेऱ्याला पावणेदोन मीटर, आणि त्याच वेगाला मिनिटाला साठ फेरे हलके हलके होतात. जाऊबाईंसाठी गिअरची सायकल भाड्यानं किंवा कुणाकडून मागून घ्या. दुकानदाराला "किती गिअर?" असं विचारू नका. "सगळ्यात हलक्या गिअरला पुढे किती दाते, मागे किती?" हे विचारा. मागचा आकडा पुढच्याइतका किंवा त्याहून मोठा हवा. तुमच्या २१ गिअरमध्येही मागे २८च असण्याची शक्यता आहे, मोजून बघा. पुढेही २८ असतील तर चालेल.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद असावेत. ट्यूबचा वॉल्व्ह कुठला तेही बघून ठेवा. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, टोकाला स्क्रू असलेला असेल तर गावातल्या पंपाचं तोंड त्यावर बसतच नाही. त्यासाठी पितळेचा छोटा अॅडॅप्टर मिळतो, तो वॉल्व्हवरच चढवून ठेवा. पिशवीत ठेवलात तर ऐन वेळी सापडणार नाही.

चेन घरच्या घरी तपासता येते. पट्टी धरून एका पिनेपासून पुढच्या चोवीस कड्या मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर १२ इंच भरतं. इंचाचा सोळावा भाग जरी जास्त भरला तरी चेन बदला, नाहीतर चढावर जोर लावला की ती दात्यांवरून घसरते. ब्रेकच्या रबरांवर आडव्या खाचा असतात. त्या बुजल्या असतील तर रबर नवीन टाका, आणि एक जोडी सोबत असू द्या. कोकणातले उतार चढांइतकेच उभे आहेत आणि वळणावर अचानक वाळू किंवा शेण आडवं येतं. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दोन्ही ब्रेक एकाच वेळी दाबा, वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. बूड थोडं मागे सरकवा.

सामान पाठीवर अजिबात नको. दमट हवेत पाठीला घाम साचतो, कंबर दुखते आणि सगळं वजन सीटवर येतं. मागे कॅरिअर आणि दोन बाजूंना दोन पिशव्या पुरतात, प्रत्येकीचं एकूण सामान सहा-सात किलो. कॅरिअरचे चार स्क्रू हाच या सगळ्यातला सगळ्यात नाठाळ भाग आहे. खडबडीत रस्त्यावर ते हळूहळू सैल होतात, एक पडतो, मग कॅरिअर वाकडं होऊन पिशवी चाकात जाते. रोज सकाळी निघण्यापूर्वी अॅलन कीनं चारही आवळा आणि तसलेच दोन जादा स्क्रू ठेवा. हत्यारांत दोघींत मिळून चार ट्यूब, पॅच किट, टायर लिव्हर, हातपंप, अॅलन कीचा संच, चेन जोडायची कडी, तेलाची छोटी बाटली आणि डझनभर प्लॅस्टिकच्या टाय. पंक्चर काढायला निघण्यापूर्वी घरीच शिका, तेही मागच्या चाकाचं, कारण पंक्चर बहुतेक वेळा तिथेच होतं.

सीटची उंची बहुतेकींची कमी असते. पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण ती खाली ठेवतो आणि मग गुडघ्याची वाटी दुखते. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. नेहमी चालवताना चवडा पायडलवर असतो, त्यामुळे गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. गुडघ्याच्या मागची शीर ओढली जाऊ लागली तर सीट उंच झालीय, अर्धा सेंटीमीटर खाली घ्या. बायकांना मागे रुंद असलेली सीट सोसते. पुढचं टोक वर आलेलं असेल तर ते किंचित खाली करा, त्यानं निम्मी दुखणी कमी होतात.

पॅडची सायकलिंग शॉर्ट घ्या. वर सैल सलवार किंवा ट्रॅकपँट घातली तरी हरकत नाही, पण आत निकर घालू नका. घर्षण होतं ते निकरीच्या शिवणीनं. जांघेत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. प्रत्येकीला दोन शॉर्ट लागतील, कारण किनाऱ्यावर कपडे रात्रभरात वाळत नाहीत.

सासूबाईंचा प्रश्न योग्य आहे. त्याला उत्तर आहे. पाळीत सायकल चालवायला काही अडचण नाही, अडचण असते ती सॅनिटरी पॅडच्या कडा घासण्याची. मेन्स्ट्रुअल कप वापरायची तयारी असेल तर आधीच्या दोन-तीन पाळ्यांमध्ये घरी सवय करून घ्या. पहिल्यांदाच प्रवासात वापरायला घेऊ नका. पॅडच वापरणार असाल तर पातळ आणि बिनपंखाचं घ्या आणि दर तीन तासांनी बदला. तारखा हाताशी असतील तर त्या दिवशी खाली दिलेला चौथा, तीस किलोमीटरचा हलका दिवस येईल असं बसवा. पाळीची तारीख पुढे ढकलायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तसंही निघण्यापूर्वी दोघींनी रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं फार नेहमीचं आहे, आणि ते कमी असेल तर कितीही सराव केला तरी चढावर धाप लागते.

सरावाला तुमच्याइतकं चांगलं गाव नाही. यवतेश्वरचा घाट दारात आहे. दहा आठवडे धरा. आठवड्यात दोनदा पाऊण तास आणि रविवारी लांबची फेरी: ३०, ३५, ४०, मग एक रविवार उतरून ३०, मग ४५, ५०. तिसऱ्या आठवड्यापासून यवतेश्वर. आधी तीनदा थांबत, मग एकदा थांबत, मग बसल्या बसल्या न थांबता. नवव्या आठवड्यात शनिवार-रविवार लागोपाठ ५० आणि ५०, तेही भरलेल्या पिशव्यांसह. ही जोडफेरी टाळू नका. पहिल्या दिवशी पन्नास किलोमीटर कुणीही जातं, दुसऱ्या सकाळी पुन्हा सीटवर बसताना कुठे काय दुखतं ते तेव्हाच कळतं. दहाव्या आठवड्यात विश्रांती घ्या. घाटात आणखी एक सवय लावा: चढ दिसला की तो लागण्यापूर्वी गिअर हलका करायचा. चढावर पूर्ण जोर असताना पुढचा गिअर बदलला की चेन उतरते, सायकल जागीच थांबते आणि आपण कलंडतो. कोकणात पूल संपला की लगेच वळण आणि वळणातच चढ असतो, त्यामुळे हे तिथे रोज होण्यासारखं आहे.

जाण्याचा काळ जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. नाताळ आणि नवीन वर्षाची गर्दी ओसरलेली असते. २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार आणि गणपतीपुळ्याला संकष्टी टाळा, खोली मिळणार नाही. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मंद वारा येतो आणि दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो. दक्षिणेला जाताना तो पाठीला लागतो, उलट आलात तर तोंडावर.

आता मुक्काम. पहिला दिवस अलिबाग ते मुरूड, पन्नासेक किलोमीटर. नागाव-चौलच्या सुपारीच्या वाड्यांमधून रेवदंड्यापर्यंत रस्ता खरोखर सपाट आहे, तिथेच पाय मोकळे होतात. पूल ओलांडून कोर्लई, काशीद, मुरूड. दुसरा दिवस आगरदांड्याहून बोटीनं दिघी, तिथून दिवेआगर आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं श्रीवर्धन. दिघीला बंदर आहे, ट्रक असतात. बोटीतून उतरल्यावर लगेच चढ लागतो, तिथे डावी कड सोडू नका. तिसरा दिवस हरिहरेश्वर, बागमांडल्याहून बोटीनं वेश्वी, बाणकोट, वेळास आणि मांदिवलीच्या पुलावरून केळशी. हा दिवस मनाला भावतो आणि पायांना जड जातो. दुकानं जवळजवळ नाहीत. चौथा दिवस मुद्दाम हलका, आंजर्ले-हर्णैवरून कर्दे, तीसेक किलोमीटर. दुपारनंतर हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा, कपडे धुवा, चेन पुसा. पाचवा दिवस लाडघर, कोळथरे, दाभोळ, बोटीनं धोपावे आणि गुहागर.

सहावा दिवस सगळ्यात अवघड. गुहागरहून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, बोटीनं जयगड आणि पुढे गणपतीपुळे, साठ-पासष्ट किलोमीटर. प्रत्येक गाव खड्ड्यात, आणि प्रत्येक गावातून बाहेर पडायला चढ. उजाडताच निघा. हेदवीला बारा वाजून गेले तर तिथेच मुक्काम करा, पुळ्याची खोली रद्द करा, शरम नको. सातवा दिवस आरे-वारेच्या किनाऱ्यावरून रत्नागिरी, पंचवीस किलोमीटर. दिवस हाताशी शिल्लक ठेवण्यासाठीच तो इतका छोटा ठेवलाय.

बोटींबद्दल एवढं ध्यानात ठेवा: आदल्या रात्री जिथे राहाल तिथल्या माणसांना "पहिली बोट किती वाजता, उद्या चालू आहे ना" असं विचारूनच झोपा. खाड्यांवर पुलांची कामं निघालीत, धक्क्याकडचा रस्ता कधी वळवलेला असतो. चढता-उतरताना सायकलवर बसायचं नाही. बोटीचा लोखंडी रॅम्प ओला, शेवाळलेला आणि डिझेलनं बुळबुळीत असतो, आणि ओहोटीला तो जास्तच तिरपा होतो. आधी गाड्या जाऊ द्या, मग हातात धरून सायकल न्या. बोटीवर सायकल कठड्याला दोरीनं बांधा. खारं पाणी उडालं असेल तर पलीकडे पोचल्यावर चेन कापडानं पुसून दोन थेंब तेल द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी तांबूस गंज दिसतो.

रस्ता शोधताना मोबाइलच्या नकाशावर पूर्ण विसंबू नका. सर्वांत जवळची वाट म्हणून तो तुम्हाला एखाद्या पाखाडीवर नेऊन सोडेल आणि सामानासकट सायकल शंभर पायऱ्या उचलावी लागेल. फाट्यावर माणूस दिसला की विचारा, "एसटी जाते का या रस्त्यानं?" एसटी जात असेल तर तुमची सायकल जाते. दऱ्यांमध्ये नेटवर्क नसतं, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

साताऱ्याच्या माणसाला कोकणात खरा त्रास देतो तो दमटपणा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. उजाडताच निघा, साडेअकराला थांबा, साडेतीनपर्यंत सावलीत पडून राहा, मग उरलेलं. चढ-उतार धरून तुमचा सरासरी वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास राहील. त्याच हिशेबानं वेळ मांडा, रविवारच्या फेरीच्या हिशेबानं नको. प्रत्येकीकडे दोन लिटर पाणी आणि सडा चढण्यापूर्वी खालच्या गावात भरून घ्यायचं, कारण वर ना झाड ना नळ. नुसतं पाणी पीत राहिलात तर अंगातलं मीठ कमी होऊन डोकं दुखतं, मळमळतं. रोज एक लिटर तरी ओआरएसचं प्या, किंवा लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर आणि तसलाच अर्धा चमचा मीठ. कोकम सरबत मिठाचं मागा. भर उन्हात अंगावर काटा आला, घाम थांबला किंवा जोडीदारीण उगाच चिडचिड करू लागली, तर तिथेच सावलीत बसवा, मानेवर ओला पंचा ठेवा आणि तासभर हलू नका. घाम थांबला असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठा.

जेवणाचं आधी सांगावं लागतं. छोट्या गावात घरगुती खानावळीत फोन केला की आलेल्या माणसांपुरताच भात शिजतो, न सांगता गेलात तर चहा-बिस्कीट. सकाळी नऊच्या आत काही मिळेल असं धरू नका. शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि वेलची केळी हँडलच्या पिशवीत ठेवा आणि भूक लागण्याआधी, दर पाऊण तासानं खा. मुक्कामाला घरगुती निवास घ्या. फोनवरच सांगा की आम्ही दोघी बायका सायकलनं येतोय आणि सायकली आत पडवीत ठेवायच्यात. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर राहायचं नाही. मागे लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा, अंगात पोपटी किंवा नारिंगी जाकीट. कुत्रं मागे लागलं तर पाय वर घेऊ नका, उतरून सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा.

राहिले मिस्टर. त्यांची काळजी खरी आहे, पण उपाय चुकीचा. अरुंद रस्त्यावर ताशी सहाच्या वेगानं मागून येणारी गाडी इतरांचा रस्ता अडवते आणि मागचे लोक ओव्हरटेक करताना तुमच्याच अंगावर येतात. शिवाय गाडी मागे असली की तिसऱ्या चढावर कुणीही आत बसतं. त्यांना दोन कामं द्या. रोज सकाळी निघताना, प्रत्येक बोट उतरल्यावर आणि मुक्कामाला पोचल्यावर तुम्ही संदेश टाकायचा. मुक्कामाच्या घराचा नंबर त्यांच्याकडे राहील, आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत निरोप आला नाही तर त्यांनी तिथे फोन करायचा. दुसरं, सातव्या दिवशी त्यांनी गाडी घेऊन रत्नागिरीला यायचं.

गाडीत सायकली चढवण्यापूर्वी त्या गोड्या पाण्यानं धुवा. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, बादली आणि फडकं पुरे. पुढची चाकं काढा. हायड्रॉलिक (तेलावर चालणारा) डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पट्ट्यांमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा. वाटेत चुकून ब्रेक दाबला गेला तर पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि साताऱ्यात चाक परत बसत नाही.